विमा नसेल तर रुग्णालयाचं बिल एवढं का फुगतं आणि ते कुठे अडवता येतं

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाख रुपये डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जुळ्या मुलींना जन्म दिल्यावर त्या आईचा मृत्यू झाला. शहर हादरलं, आंदोलनं झाली, चौकशी समित्या बसल्या. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र अनेकांच्या मनात तसाच राहिला: विमा नसलेल्या माणसाकडून रुग्णालय नेमकं किती पैसे मागू शकतं, ते कशाच्या आधारावर, आणि त्याला ‘नाही’ म्हणायची सोय कुठे आहे?

सोय आहे. पण ती वेळेशी बांधलेली आहे. बिल कमी करण्याचे बहुतेक मार्ग दाखल होण्याच्या दिवशी उघडे असतात आणि डिस्चार्जच्या दिवशी बंद झालेले असतात. म्हणून हे सगळं घरात कुणी आजारी नसताना वाचून ठेवायला हवं.

प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज सरकारी आकड्यांवरून येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, बाळंतपणं वगळता, देशात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. म्हणजे सातपट. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि पुण्यासारख्या शहरात आयसीयूचे दोन-तीन दिवसच ही सरासरी ओलांडतात.

बिलात काय काय असतं

रुग्णालयाचं बिल म्हणजे एक किंमत नसते. खाटेचं भाडं, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट, निवासी डॉक्टरांचं शुल्क, ऑपरेशन असेल तर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी (ती बऱ्याच ठिकाणी सर्जनच्या फीच्या साधारण तीस टक्के धरतात), ऑपरेशन थिएटरचं भाडं, तपासण्या, औषधं, आणि शेवटी ‘साहित्य’. साहित्यात हातमोज्यांपासून हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटपर्यंत सगळं येतं.

यातल्या काही गोष्टींचे दर सरकार ठरवतं, काहींचे रुग्णालय स्वतः ठरवतं, आणि काहींची फक्त छापील कमाल किंमत असते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या फीवर सर्वसाधारण मर्यादा नाही. करोनाकाळात राज्य सरकारने दर बांधून दिले होते, पण ती आपत्तीची तात्पुरती व्यवस्था होती. आज रुग्णालयावर बंधन आहे ते दर लावून ठेवण्याचं. जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खाट, आयसीयू, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, थिएटर, ऑक्सिजन अशा ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. दर कितीही असोत, ते आधी कळले पाहिजेत, एवढा हक्क तुमचा आहे.

खोली बदलली की सगळं बिल का बदलतं

हा मुद्दा सर्वांत जास्त पैशांचा आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. अनेक मोठ्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग हा फक्त भाड्यापुरता नसतो. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स, जो वर्ग घ्याल त्याप्रमाणे सर्जनची फी, व्हिजिट, थिएटर, कधी कधी रक्ताच्या तपासणीचा दरही बदलतो. सर्जन तोच असतो आणि थिएटरही तेच.

चार दिवसांच्या एका साध्या ऑपरेशनचा हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या एका रुग्णालयाचे नाहीत.

जनरल वॉर्डात खाट रोज २,००० प्रमाणे ८,०००, सर्जन २५,०००, भूलतज्ज्ञ ७,५००, थिएटर १२,०००, रोज दोन व्हिजिट ८०० प्रमाणे ६,४००, नर्सिंग २,०००, तपासण्या ९,०००, औषधं-साहित्य १८,०००. एकूण ८७,९००.

सिंगल रूममध्ये खोली रोज ६,५०० प्रमाणे २६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी १,३००, सर्जन ४५,०००, भूलतज्ज्ञ १३,५००, थिएटर १८,०००, व्हिजिट १,५०० प्रमाणे १२,०००, नर्सिंग ४,०००, तपासण्या ११,७००, औषधं-साहित्य तेवढंच, १८,०००. एकूण १,४९,५००.

फरक ६१,६०० रुपयांचा. त्यातले खोलीचे, जीएसटी धरून, फक्त १९,३०० आहेत. उरलेले ४२,३०० रुपये खोलीच्या नावाने बाकीच्या ओळींत शिरले. ‘चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, जरा निवांत खोली घेऊ’ असं म्हणताना नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर ते १९,३०० असतात. (तो जीएसटी रोज पाच हजारांहून जास्त भाडं असलेल्या खोलीवर जुलै २०२२ पासून लागतो. आयसीयूला तो नाही.)

कधी कधी ‘जनरलला जागा नाही, तोवर ट्विनमध्ये राहा’ असं सांगतात. अशा वेळी दाखल करून घेताना कागदावर लिहून मागा की जनरलची खाट रिकामी होताच हलवलं जाईल, आणि तोवर बिलिंग जनरलच्या दराने होईल की ट्विनच्या. तोंडी ‘बघू’ या शब्दाला बिलिंग काउंटरवर काही अर्थ नसतो.

विमा असलेल्याला तेच ऑपरेशन स्वस्त कसं पडतं

मार्केट यार्डात घाऊक घेणाऱ्याला कांदा एका भावाने मिळतो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर किलोभर घेणाऱ्याला दुसऱ्या. विमा कंपनी हा घाऊक ग्राहक आहे. ती वर्षाला हजारो पेशंट पाठवते, म्हणून आधीच बसून पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी यांचे पॅकेज दर ठरवून घेते. त्या यादीला विम्याच्या भाषेत ‘नेटवर्क दर’ म्हणतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, असेच दर ठरवते. त्यात पुणे आहे आणि हे दर जाहीर असतात. खिशातून पैसे भरणाऱ्याच्या वतीने असं कुणीच बसलेलं नसतं. त्याला छापील दरपत्रक दाखवलं जातं.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी: ऑपरेशन ठरवून करायचं असेल, तर ‘रोख पॅकेज किती?’ असं थेट विचारा. बहुतेक रुग्णालयांकडे तसं पॅकेज असतं, फक्त न विचारता ते सांगितलं जात नाही. जवळ त्या ऑपरेशनचा सीजीएचएस दर लिहून न्या. रुग्णालय तो दर देईल असं नाही, आणि खासगी पेशंटला तो देण्याचं बंधनही नाही. पण आपल्याला सांगितलेला आकडा त्या दराच्या दीडपट आहे की चौपट, हे समजतं. दोन रुग्णालयांत विचारलं तर आणखी स्पष्ट होतं. पॅकेज ऐकताना त्यात काय नाही, हे आधी विचारा: इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), जाळी, बायोप्सी, रक्त, ठरलेल्याहून जास्त दिवस राहावं लागलं तर रोजचा दर.

औषधं आणि साहित्य: एमआरपीच्या आत राहूनही महाग

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, ठरवतं. यादीबाहेरच्या औषधांवर एवढंच बंधन आहे की कंपनीने छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. मुळात ती किती छापावी, यावर जवळजवळ बंधन नाही. सिरिंज, सुई, नळ्या, ड्रेसिंग अशा बऱ्याच साहित्याचं तेच.

मग होतं असं. रुग्णालय घाऊक खरेदी करताना जास्त एमआरपी छापलेला ब्रँड निवडतं, तो स्वस्तात घेतं आणि बिलात एमआरपी लावतं. कायदा मोडलेला नसतो. एनपीपीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला.

किंमत बांधली की काय होतं, याचं उदाहरण हृदयाचा स्टेंट आहे. फेब्रुवारी २०१७ पूर्वी औषधलेपित स्टेंट लाखाच्या पुढे विकला जायचा. मग त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये झाली. मधल्या फेरबदलांनंतर आता ती ३९ हजारांच्या आसपास आहे, कर वेगळा. बिलात स्टेंट यापेक्षा फार महाग दिसला तर थांबा आणि पेशंटच्या फाइलवर चिकटवलेलं त्याचं स्टिकर, कंपनी आणि बॅच नंबर मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्याही किमती ऑगस्ट २०१७ पासून बांधलेल्या आहेत.

रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती नाही, असा फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिले आहेत. व्यवहारात दाखल पेशंटची रोजची इंजेक्शनं बाहेरून आणणं अवघड असतं, कारण नर्सिंग स्टेशन मेडिकलला थेट इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, पाठवतं. पण महागडं अँटिबायोटिक, अल्ब्युमिन, केमोची औषधं रोज लागणार असतील तर डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावाने प्रिस्क्रिप्शन मागा आणि बाहेर भाव विचारा. तीन-चार दिवसांत फरक हजारांत जातो.

“तातडीच्या वेळी हे सगळं कोण विचारत बसणार?”

बरोबर आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन कुणी दरपत्रक वाचत नाही. म्हणूनच तातडीच्या वेळेसाठी कायद्याने वेगळी व्यवस्था केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जीव वाचवण्याची जबाबदारी प्रत्येक डॉक्टरवर आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. धर्मादाय रुग्णालयांना तर गरीब रुग्णांसाठीच्या योजनेतच (तिच्याबद्दल पुढे) बजावलं आहे की तातडीच्या पेशंटला लगेच दाखल करून घ्यायचं, प्राण वाचवणारे उपचार देऊन स्थिर करायचं आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही.

‘स्थिर करणं’ या शब्दावर लक्ष ठेवा. हक्क तिथपर्यंत आहे. पेशंट स्थिर झाल्यावर पुढचे उपचार कुठे घ्यायचे, हा निर्णय नातेवाइकांचा असतो, आणि पैशांचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो. बहुतेक कुटुंबं इथे थांबत नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी दागिने मोडून झाल्यावर ससूनचा, म्हणजे पुण्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा, विचार सुरू होतो. तोवर पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर तिकडे तशी खाट मिळणं कठीण होऊन बसतं. पहिल्या चोवीस तासांत डॉक्टरांना विचारा: पेशंट हलवण्याजोगा आहे का, असल्यास कधी, आणि इथे अंदाजे किती दिवस व किती खर्च? १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते.

रस्त्यावरचा अपघात असेल तर आणखी एक सोय आहे. केंद्राच्या मे २०२५ पासूनच्या योजनेत जखमीला, विमा असो वा नसो, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. पोलिसांत नोंद झालेली असावी लागते आणि रुग्णालय योजनेतलं असावं लागतं.

धर्मादाय रुग्णालयातल्या खाटा: हा हक्क आहे

पुण्यातली बरीच नावाजलेली रुग्णालयं विश्वस्त संस्थांची आहेत. रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर, रास्ता पेठेतलं केईएम, पूना हॉस्पिटल, कोरेगाव पार्कातलं इनलॅक्स अँड बुधराणी. चकचकीत लॉबी बघून कुणाच्या मनातही येत नाही की इथे गरिबांसाठी राखीव खाटा असतील. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार त्या आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने त्याचे तपशील ठरवून दिले आहेत.

एकूण खाटांपैकी दहा टक्के ‘निर्धन’ रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी दहा टक्के ‘दुर्बल घटकां’साठी, पन्नास टक्के सवलतीत. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल घटक म्हणजे ३,६०,००० पर्यंत. हा दुसरा आकडा नीट बघा. महिन्याला तीस हजार कमावणारं कुटुंब त्यात बसतं. रिक्षाचालक, दुकानातला सेल्समन, खासगी शाळेतली शिक्षिका, सोसायटीचा सुरक्षारक्षक. यातले बहुतेक जण स्वतःला ‘गरीब’ म्हणवून घ्यायला संकोचतात आणि अर्ज करत नाहीत.

पैसे कुठून येतात? रुग्णालय बाकीच्या सगळ्या पेशंटच्या बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकतं. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, काउंटरवर ‘आयपीएफ’. तुमच्या शेजारच्या डिलक्स खोलीतल्या माणसाच्या बिलातून तो जमतो, त्यामुळे सवलत मागणं म्हणजे कुणापुढे हात पसरणं नव्हे.

निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. औषधं, साहित्य, इम्प्लांट यांचा हिशोब रुग्णालयाच्या खरेदी किमतीने होतो आणि तो निधीतून वजा होतो. दुर्बल घटकातल्या रुग्णाने त्या खरेदी किमतीच्या निम्मे भरायचे असतात. ‘खरेदी किंमत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुमच्या बिलात औषधं एमआरपीने लागली असतील तर योजना नीट लागलेली नाही.

करायचं असं. दाखल होतानाच ‘एमएसडब्ल्यू’ कुठे बसतात ते विचारा. हे वैद्यकीय समाजसेवक, आणि या योजनेचं दार त्यांच्या हातात असतं. त्यांच्याकडे आधार, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आपत्कालीन पेशंटची कागदपत्रं नंतर दिली तरी चालतात, पण अर्ज पहिल्या दिवशी नोंदवा आणि त्याची पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून निघतो आणि त्याला काही दिवस जातात. घरात कुणाला हृदयाचा, किडनीचा, साखरेचा आजार असेल तर दाखला आजच काढून ठेवा.

‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर सर्रास मिळतं. अशा वेळी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या राखीव आणि रिकाम्या खाटा दिसतात, त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि तो जोडून पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. फोनवरच्या तक्रारीपेक्षा कागद जड पडतो. नकार लेखी मागितला की पुष्कळदा खाट सापडते.

रेशनकार्ड पांढरं असलं तरी

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना ही पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती आणि दीड लाखापर्यंत होती. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे, आणि २०२४ पासून पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही ती मिळते. म्हणजे ‘विमा नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ पुणेकरांना खरं तर संरक्षण आहे, फक्त ते माहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना तर उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधारवर ते निघतं.

दोन अडचणी आहेत. रुग्णालय योजनेत असावं लागतं, आणि त्या आजाराच्या शाखेसाठी असावं लागतं. हाडांसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी नसू शकतं. शिवाय मंजुरी उपचारांआधी घ्यायची असते. रोखीने दाखल होऊन, ऑपरेशन उरकून, मग कार्ड दाखवलं तर उपयोग नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो, आधी त्याला गाठा. तातडी असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात. कुठलं रुग्णालय आहे हे १५५३८८ वर विचारता येतं, आणि योजनेत बसल्यावरही कुणी वरून पैसे मागितले तर तक्रारही तिथेच करायची. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी गेल्यावर दहा दिवसांची फेरतपासणी धरलेली असते.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगाराची चिठ्ठी काढून बघा. त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात ०.७५ टक्के दिसली, तर बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय तुमच्यासाठी आहे, आणि कुटुंबासाठीही. भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगारांत ही कपात चालू असूनही कार्ड न काढलेले खूप जण आहेत.

महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे, पालिका हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. तिचं कार्ड दरवर्षी नव्याने करून घ्यावं लागतं, आणि ते आजारपणाआधी हातात असलेलं बरं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज मात्र पेशंट दाखल असतानाच करायचा असतो, खर्चाचं अंदाजपत्रक आणि दाखल्यासह. उपचार होऊन गेलेल्या बिलाची भरपाई तिथून मिळत नाही.

“सरकारीत काय धड उपचार होतात?”

हा आक्षेप अनुभवातून येतो, तो उडवून लावण्यासारखा नाही. ससूनमध्ये गर्दी आहे, रांगा आहेत, नातेवाइकांना धावपळ करावी लागते. पण भाजणं, विषबाधा, सर्पदंश, मोठे अपघात, गुंतागुंतीची बाळंतपणं यांत तिथल्या डॉक्टरांचा हात ज्या संख्येने चालतो, ती संख्या लहान खासगी रुग्णालयात नसते. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि त्या विभागाच्या संस्थांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, म्हणून तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचं नाममात्र शुल्क असतं. पिंपरीचं वायसीएम आणि मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय महापालिकांची आहेत.

मधला मार्गही आहे. निदान आणि दुसरं मत खासगीत, पण डायलिसिस, केमो, महिनोन्‌महिने चालणारी औषधं योजनेतून. लांबणाऱ्या आजारात कुटुंब पहिल्या बिलाने मोडत नाही, ते दर महिन्याच्या खर्चाने मोडतं.

“रुग्णालयांनाही खर्च असतोच की”

असतो. रात्रपाळीच्या नर्स, चोवीस तास वीज, यंत्रांची देखभाल, शहराच्या मध्यातली जागा, सगळं महाग आहे. फुले योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात, ही रुग्णालयांची तक्रारही खरी आहे. त्यामुळेच अनेक मोठी रुग्णालयं योजनेत येत नाहीत. पण खर्च आहे म्हणून दर लपवावेत, असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि ज्या संस्थांनी धर्मादाय म्हणून कर, जमीन किंवा चटईक्षेत्रात सवलती घेतल्या आहेत, त्यांच्याकडून राखीव खाटांचा हिशोब मागणं हे समाजाचं कामच आहे.

डिस्चार्जच्या दिवशी बिल कसं वाचायचं

खरं तर त्या दिवशी नाही, रोज वाचायचं. रोज संध्याकाळी काउंटरवरून आजपर्यंतचं बिल मागा. चूक त्याच दिवशी दाखवली तर सुधारते. आठ दिवसांनी ती कुणालाच आठवत नाही.

नेहमी सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्ही खाटांचं भाडं लागलेलं असतं. डॉक्टर एकदा आले आणि व्हिजिट दोन लागल्या. ज्या तज्ज्ञांना बोलावलं त्यांची एक भेट ठीक, पण नंतर रोजची भेट लागत राहते. आयसीयूच्या दरात मॉनिटर धरलेला असूनही तो वेगळा लागतो. सर्वांत मोठी रक्कम परत केलेल्या औषधांत अडकते: वॉर्डात इंडेंट दहा इंजेक्शनांचा गेला, सहा वापरली, चार परत गेली, पण बिलातून वजा झाली नाहीत. नर्सच्या औषधतक्त्यावर किती दिली ते लिहिलेलं असतं. तो तक्ता आणि मेडिकलची यादी समोरासमोर धरून एकेक ओळ जुळवा. दिवस मोजण्याची पद्धतही विचारून ठेवा: चोवीस तासांचा दिवस की दुपारी ठरावीक वेळेनंतर नवा दिवस? सकाळी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं आणि कागद तयार व्हायला संध्याकाळ झाली, तर त्या जादा दिवसाचं भाडं नातेवाइकांनी भरायचं कारण नाही. हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

तपशीलवार बिल मागणं हा हक्क आहे. फाइलची प्रत लेखी मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजे. नातेवाईक पैसे गोळा करून रोख आणतात, तेव्हा हेही लक्षात ठेवा की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. चेक किंवा यूपीआयने भरलेलं बरं. विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारांवर रोखीशिवाय केलेल्या खर्चाला जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते.

पैसे कमी पडले म्हणून पेशंट अडवला तर

बिल थकलं म्हणून पेशंटला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. २०२१ च्या नियमांनुसार पैशांसाठी मृतदेहही अडवता येत नाही. थकबाकी वसूल करायला रुग्णालयाला दिवाणी न्यायालय आहे. असं घडलं तर आधी रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला लेखी द्या, मग पोलिसांचा ११२ आणि महापालिकेचा आरोग्य विभाग. शहरातल्या शुश्रूषागृहांची नोंदणी हाच विभाग करतो, म्हणून त्याच्या तक्रार कक्षाच्या पत्राला वजन असतं. वॉर्डात आवाज चढवू नका. डॉक्टर-नर्सवर हात उचलणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तुमची खरी तक्रार त्याखाली गाडली जाते.

मग विमा घेऊन टाकावा का?

परवडत असेल तर घ्यावा, आणि धडधाकट असताना घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे. पण पॉलिसी घेतली म्हणजे उद्यापासून सगळं झाकलं, असं नसतं. अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन. हा काळ भरेपर्यंत वर सांगितलेली सगळी दारं तुमच्याही कामाची आहेत.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे का, हे पहिल्यांदा बघा. मर्यादा रोज ४,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कंपनी भाड्यातले निम्मे कापून थांबत नाही. सर्जन, थिएटर, व्हिजिट, सगळ्यांतले निम्मे कापते. खोलीबरोबर सगळं बिल वाढतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. फॉर्म भरताना मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा, एजंट ‘कशाला लिहिता’ म्हणाला तरी. हप्ते सलग साठ महिने भरल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. पण त्याआधीच्या पाच वर्षांत, नेमकं मोठं बिल आलेलं असताना, न लिहिलेली एक गोळीही दावा बुडवायला पुरते.